बरगडीखालचा ठोका

१९ मार्च १९६३, मंगळवार

काल दादाचं तेरावं झालं. सगळे आपापल्या गावी गेले. घरात आता वहिनी आणि मी.

ही वही शाळेतली आहे, मागची पानं कोरी होती. कुणाशी बोलवत नाही. म्हणून इथे.

बुधवारी, सहा तारखेला, गेणबाच्या वावरात इर्जिक होती. दहा घरचे बैल, दहा घरची माणसं, संध्याकाळी गेणबाकडे मटण-भाकरी. त्याच्या पडीक तुकड्याचं भातखाचर करायचं चाललं होतं. दादा माती ओढून सपाट करायची केणी धरून होता. बैल ओढतात, पण मागून केणी दाबून धरायला माणसाच्या छातीत जोर लागतो. दुपारच्या आत दादा खाली बसला. लोक म्हणतात, बिडी ओढायला बसतो तसा बसला. बैल चार पावलं गेले आणि आपोआप थांबले.

मी जांब्याच्या शाळेत होतो. तिसरीला वजाबाकी शिकवत होतो. निरोप आला तसा सायकल हाणत आमच्या गावी, माणला आलो. गर्दीतून वाट काढून दादाच्या छातीवर हात ठेवला. काही नव्हतं.

वहिनी माझ्याआधी पोचल्या होत्या. रडत नव्हत्या. सगळ्या गावासमोर गेणबाला म्हणाल्या, "तुज्या मातीनं खाल्ला माझा मानूस!" गेणबा दादाचा लहानपणापासूनचा सोबती. तो तिथेच ढेकळात बसून राहिला.

त्याच्याकडचं मटण शिजत होतं. कुणी जेवलं नाही.

२१ मार्च

शाळेत गेलो. हजेरी घेतली. मुलं फारच शांत होती, कुणी तरी त्यांना सांगितलं असणार. शेवटी मीच म्हणालो, "अरे, दंगा करा!" तरी केला नाही.

२६ मार्च

पाडवा. आमच्या दारी गुढी नाही. गेणबाच्या दारीही नाही – त्याच्या घरातलं कुणी गेलेलं नसताना.

२९ मार्च

जे लिहायला बसतो ते सोडून दुसरंच लिहितो. आज ते लिहितो.

दादाला पहिला झटका एकसष्टच्या दिवाळीनंतर आला. पुण्याला नेलं, सहा आठवडे अंथरुणात होता. उठला, हिंडू लागला. पण पहिल्यासारखा नाही. चढ आला की दम. संध्याकाळी पाय सुजायचे, बोट दाबलं की खळगा राहायचा. आडवं झोपता येईना. म्हणून गेल्या ऑगस्टात परत दाखवायला नेलं. दादा, वहिनी, मी. वहिनी बाहेर बाकावर बसल्या.

छातीचा एक्सरे काढला. दादा आत सदरा घालत होता, तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं.

"शिकलेले आहात?"

"शिक्षक आहे."

"मग नीट ऐका."

त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. काळजाच्या डाव्या कडेला एक फुगवटा. म्हणाले, झटक्यात भिंतीचा एवढा भाग मेला. मेलेल्या जागी व्रण धरला, आणि तो आता ताणून ताणून पातळ झाला आहे. बाकीचं हृदय आवळतं तेव्हा एवढा भाग आवळत नाही, उलटा बाहेर येतो. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर येते ना, तसा. "बरगडीखाली हात ठेवलात तर ठोका जोरात लागेल. ती ताकद समजू नका. ती अधू जागा आहे."

मी विचारलं, औषध?

"भिंत काही नवी होत नाही. गोळ्यांनी दम कमी होईल. मीठ बंद. परदेशात कुठे कुठे तेवढा भाग कापून शिवतात म्हणे. आपल्याकडे नाही."

"किती दिवस?"

"दहा वर्षं काढतील. दहा दिवसही. आत रक्त साकळतं, त्यातला कण सुटून डोक्यात गेला तर अर्धांग. नाहीतर ठोकेच एकदम बिघडतील. ओझं नको, चढ नको, नांगर नको. घरच्यांना सांगा."

घरच्यांना सांगा!

बाहेर आलो तर दादा वहिनींना सांगत होता, "माझा फोटू काढला की गं. डाक्टरला म्हनलो, हिचा बी काढा, जोड्यानं लावतो भिताडाला." वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, हसतायत.

दादाने मला विचारलं, "काय म्हनला रं?"

मी म्हणालो, "गोळ्या दिल्यात. मीठ कमी खा. बाकी ठीक आहे."

येताना एसटीत दादा खिडकीपाशी बसला. पौड रस्त्याला वारा लागला तसा झोपला. बसून झोप लागायची त्याला. मी सबंध रस्ता ठरवत होतो, उद्या सांगू.

३० मार्च

का सांगितलं नाही?

काल रात्रभर तेच. पहिल्यांदा वाटलं, नांगराला हात लावू नको म्हटलं तर दादा त्या दुःखानेच जाईल. मग वाटलं, भीतीने जाईल. ही कारणं मी मागाहून शोधली. खरं एवढंच की मला बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. मी सहा वर्षांचा असताना आई गेली, वडील आधीच गेले होते. दादा तेव्हा चोवीसचा, वहिनी नव्या नवरी. त्यांना मूल झालं नाही. मीच. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दादा मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचा आणि पलीकडे उतरवून म्हणायचा, "जा, आमच्या वाटचं बी शीक." त्याला स्वतःला सही येत नव्हती. कसलाही कागद आला की माझ्यापुढे धरायचा. मी सांगितलं की, "मास्तर म्हनतोय न्हवं? मग झालं."

मास्तर म्हनतोय न्हवं!

३ एप्रिल

नथू न्हावी भेटला. नुसती मान हलवून पुढे गेला. त्याला बघून संक्रांतीचा दिवस आठवला. तोही लिहितो, एकदाचं होऊन जाऊ दे.

अंगणात नथू दादाची दाढी करत होता. दादा उघडाच बसलेला. डाव्या बरगडीखाली ते उडत होतं, लांबूनसुद्धा दिसायचं. नथू वस्तरा थांबवून म्हणाला, "पाटील, आत बेडूक पाळलाय का काय?"

"बेडूक न्हवं, बैल हाय बैल!"

गेणबा बांधावरून आला होता. "बघू की." त्याने आपला पंजा दादाच्या छातीवर ठेवला. "आयला! हितं तर मोट चाललीया! लई जोर धरला की रं काळजानं!"

दादा हसला. वर्षभर तो दुसऱ्यांच्या इर्जिकीला नुसता बांधावर बसायचा आणि संध्याकाळी पंगतीला. लोक बोलायचे. गेणबाच म्हणायचा, "भिवाजी, तू मटनाचा गडी!" मस्करीच. पण दादाला लागायची, मला कळायचं.

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "इचार ह्येला. डाक्टरशी हाच बोललाय. काय रं, जोर धरला न्हवं?"

वहिनी तिथेच तुळशीपाशी तांब्या घेऊन उभ्या होत्या. नथू बघत होता. गेणबाचा हात अजून दादाच्या छातीवर. आणि दादाचं तोंड इतकं खुशीत!

मी हो म्हणालो.

"मग यंदा माझ्याकडं केणी तूच धरायची!" गेणबा म्हणाला.

सहा तारखेला सकाळी दादा म्हणाला, "मास्तर, सांच्याला लौकर ये. मटान हाय." मी येतो म्हणालो आणि सायकल काढली.

९ एप्रिल

हिंजवडीची जत्रा. ढोल इथवर ऐकू आले. वहिनींनी दार लोटून घेतलं.

१२ एप्रिल

आज स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवून बघितला. हाताला काहीच लागत नाही. म्हणजे ठीक आहे.

१५ एप्रिल

सकाळची शाळा सुटली तेव्हा गेणबा बाहेर उभा. माणहून जांब्यापर्यंत चालत आला होता. गावात माझ्याशी बोलायला त्याला तोंड नाही म्हणून. महिन्याभरात निम्मा झालाय.

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा तात्या."

"मीच म्हनलो हुतो त्येला, केणी धर. म्या मारला का रं त्येला?"

"नाही तात्या."

"तुजी वहिनी म्हनती. गाव म्हनतंय. त्या वावरात कोन पाय ठिवंना. नव्या बांधाची ताल अर्धीच ऱ्हायलीया. पावसात समदी वाहून जाईल. जाऊ दे. पर तू शिकलेला हायस, तू सांग. म्या न्हाई, तर मग कशानं ग्येला?"

मी म्हणालो, "त्याचं आयुष्य तेवढंच होतं."

गेणबा मान हलवून निघाला. तेवढंसुद्धा त्याला पुरलं असं दिसलं. रस्त्याच्या वळणापर्यंत मी बघत होतो. हाक मारायची होती. मारली नाही.

२ मे

दादा आडवा झोपू शकत नव्हता, म्हणून भाताच्या कणगीला टेकून बसायचा. कणगी पाठीला टोचायची. तेव्हा वहिनी त्याच्या आणि कणगीच्या मधे बसायच्या, पाठीला पाठ लावून, आणि तशाच पेंगायच्या. पहाटे उठून भाकरीला बसायच्या. वर्षभर.

अजूनही त्या बसूनच झोपतात. आज मी म्हणालो, "वहिनी, आता आडवं व्हा."

"येत न्हाई आता," म्हणाल्या.

१२ मे

आज सांगायचं ठरवलं होतं. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. दुसरं कुणी नव्हतं. समोर बसलो.

"वहिनी, पुण्याला ते डॉक्टर म्हणाले होते..."

त्यांचा हात थांबला. "काय म्हनले हुते?"

माझ्याकडे बघत राहिल्या. एवढं सरळ त्या माझ्याकडे कधी बघत नाहीत.

"मीठ कमी खा म्हणाले होते."

"खात हुते की कमी," म्हणाल्या आणि परत सुपात बघू लागल्या.

थू माझ्या जिण्यावर!

१३ मे

वहिनींना कळलं तर त्या काय करतील? शिव्या दिल्या तर बरं. देणार नाहीत. बोलणं सोडतील, मला वाढतील, आणि एक दिवस माहेरी निघून जातील, मारुंजीला, भावाच्या दारात. दादा गेला, मग मीही गेल्यासारखाच. त्यांचं उरलं कोण?

हे खरं, की हीसुद्धा पळवाटच?

२० मे

गेणबाची बायको चंद्राबाई मागच्या दाराने आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"गोजराबाई, एक शबूद बोला. आमचा मानूस वावराकडं जात न्हाई. बैलं दावणीलाच हायेत. आवंदा रोपासाठी राबसुद्दा भाजला न्हाई. रोपच न्हाई पडलं तर लावायचं काय? वरीसभर पोरांनी खायाचं काय?"

वहिनींनी मान वर केली नाही. "तुजा मानूस घरात हाय न्हवं? मग मला कशाला सांगतीस? त्येला जेवाय घाल."

चंद्राबाई रडत गेली. मी आत वह्या तपासत होतो. तपासत होतो म्हणजे, समोर धरल्या होत्या.

वहिनी अशा नव्हत्या. आयुष्यात कुणाला टाकून बोलल्याचं मला आठवत नाही.

२४ मे

दादाचा पांढरा सदरा सापडला, वळणीच्या मागे पडलेला. डाव्या खिशात बिड्या आणि डॉक्टरांच्या गोळ्यांची पुडी. गोळ्या सगळ्या तशाच! एकही घेतलेली नाही. घेतल्या का म्हणून मी रोज विचारायचो, तो हो म्हणायचा.

आमच्या घरात हो म्हणणं फार सोपं आहे.

८ जून

मृग लागला. गावातल्या सगळ्या राबांत भात पडलं. एकट्या गेणबाचा राब तसाच. आणखी आठ दिवस गेले तर या साली त्याला भात नाही.

९ जून, रविवार

गेणबाकडे गेलो.

तो गोठ्यात दावं वळत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. एक्सरे, फुगवटा, तो ठोका कशाचा होता ते. नांगर नको म्हणाले होते, तेही. एवढं सलग मी वर्गाबाहेर कधी बोललो नाही.

दावं त्याच्या हातातच राहिलं.

"सरावनात कळलं तुला?"

"हो."

"मंजी संक्रातीला माझा हात हुता त्येच्या छातीवर, तवा तुला ठावं हुतं?"

"हो."

"आन् तू व्हय म्हनलास."

तो उठला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने उजवा पंजा डोळ्यांसमोर धरून बघितला आणि धोतराला पुसला.

"भाड्या, शिकून काय केलंस रं?"

मी निघालो. अंगण ओलांडेपर्यंत मागून हाक आली.

"गोजराला सांगितलंस?"

"नाही. आता सांगणार. गावातही सांगतो. तुमच्यावरचं जायला हवं."

"नको."

तो दारापर्यंत आला. रडत होता की पाऊस होता, कळलं नाही. म्हणाला, "तिला तुज्याबिगर कोन हाय? माझी बायकू हाय, पोरं हायेत. माझ्या डोस्क्यावर हाय ते ऱ्हाऊ दे. आमी दिस काढू."

११ जून

गेणबाने राबात भात टाकलं. बैल नाही जोडले, एकट्याने कुदळीने उकरून टाकलं. गाव बांधावरून बघत होतं. मदतीला कुणी गेलं नाही. मी गेलो. तो माझ्याशी बोलला नाही, पण कुदळ माझ्याकडे दिली.

घरी आलो तेव्हा पाय चिखलाने भरले होते. वहिनींनी पायावर पाणी घातलं.

"पेरलं म्हनं त्यानं?"

"हो."

"कुनी काय सांगितलं त्येला?"

मी पाय पुसले.

१२ जून

सांगितलं. चुलीपुढे, त्यांच्याकडे न बघता. गेणबा नको म्हणाला होता, तेही सांगितलं.

वहिनींनी भाकरी उलटली. "ठावं हाय मला," म्हणाल्या. "दवाखान्यात तुमी त्या खोलीत ग्येला, तवा मागं दारात हुते मी. समदं ऐकलं. मग वाट बघितली, तुमी कवा सांगताय. संक्रातीला बी हुते की तितं. म्हनलं, शिकलेलं मानूस व्हय म्हनतंय, आपन कशाला तोंड उघडावं."

मी विचारलं, "मग वहिनी, गेणबाच्या नावाने का...?"

"कुनाचं तरी नाव घ्यायला लागत हुतं, भावजी. माझं घेतलं तर जगायचं कसं? आन् तुमचं घेतलं, तर ह्या घरात माझं ऱ्हायलं कोन?"